सेप्टिक टँक बंद करून शहराच्या ड्रेनेज लाइनला जोडणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

घरासमोरच्या रस्त्यात ड्रेनेज लाइन पडली की पहिली धाव असते ती अर्जाच्या खिडकीकडे. त्याआधी एक मोजमाप करून घ्या. सांडपाणी उतारानेच वाहते. रस्त्यातली लाइन तुमच्या घरच्या पाइपपेक्षा पुरेशी खोल नसेल, तर सगळे कागद बिनचूक असूनही जोडणी मिळत नाही, किंवा मिळाली तरी वारंवार तुंबते.

हिशेब असा करायचा. १०० मिमी व्यासाच्या पाइपला दर मीटरला साधारण २ ते २.५ सेंमी ढाळ लागतो. समजा, घराबाहेरच्या पहिल्या चेंबरमध्ये पाइपचा तळ जमिनीखाली ५० सेंमीवर आहे आणि तिथून मुख्य लाइन १८ मीटरवर. मीटरला २ सेंमी धरले तरी ३६ सेंमी ढाळ झाला, म्हणजे लाइनपाशी तुमचा पाइप ८६ सेंमी खोल पोचेल. रस्ता अंगणापेक्षा २० सेंमी उंच असेल, तर रस्त्याच्या पृष्ठभागापासून हीच खोली १०६ सेंमी भरते. घरची लाइन मुख्य पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात जोडतात, म्हणून तुलना करताना मुख्य पाइपच्या तळाची खोली न धरता माथ्याची धरा. अंगण आणि रस्त्यातला फरक पारदर्शक नळीत पाणी भरून अचूक मिळतो. मुख्य लाइनची खोली मलनिःसारण विभागाच्या नकाशात असते, ती तिथेच मागा. मॅनहोलचे झाकण स्वतः उघडू नका, आत विषारी वायू साचलेले असतात.

ढाळ बसत नसेल तर सांडपाण्याची टाकी आणि पंप हा मार्ग उरतो. तो अर्जातच दाखवावा लागतो. तळघरातले किंवा सखल भागातले शौचालय वरच्या बाजूच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, हवाच. लाइन पुढे तुंबली की पाणी मागे चढते आणि सर्वांत खालच्या भांड्यातून घरात येते.

पात्रता

लाइन टाकलेली असणे पुरेसे नाही, ती चालू झालेली असावी लागते. पुढचे पंपिंग स्टेशन किंवा प्रक्रिया केंद्र सुरू नसताना जोडलेले पाणी लाइनमध्येच साचते. त्यामुळे ‘या रस्त्यावर जोडण्या देणे सुरू झाले आहे का’ हा प्रश्न आधी विचारा. त्याखेरीज मिळकतीची नोंद कर विभागात असणे आणि थकबाकी नसणे या नेहमीच्या अटी असतात. लाइन ठरावीक अंतराच्या आत आली की काही ठिकाणी जोडणी सक्तीची होते आणि त्यासाठी मुदतीची नोटीस येते.

कागदपत्रे

नेमकी यादी त्या त्या कार्यालयाची, पण बहुतेक ठिकाणी मालकीचा पुरावा, चालू कराची पावती, ओळखपत्र, इमारतीचा मंजूर नकाशा आणि परवानाधारक प्लंबरने सही केलेला जोडणीचा आराखडा मागतात. आराखड्यात चेंबरच्या जागा, पाइपचा व्यास, लांबी, दोन्ही टोकांची पातळी आणि जुन्या टँकची जागा हवी. पातळी न लिहिलेला आराखडा हमखास परत येतो. मालक एकाहून अधिक असतील तर सर्वांचे संमतीपत्र लागते. पाइप शेजाऱ्याच्या जागेतून जाणार असेल तर तोंडी होकारावर विसंबू नका. लेखी आणि नोंदणीकृत हक्क घ्या, कारण जागा विकली गेली की नवा मालक तोंडी शब्दाला बांधील राहत नाही.

अर्जानंतर

अर्ज, स्थळपाहणी, शुल्काचे मागणीपत्र, भरणा आणि मग कामाचा परवाना, असा क्रम असतो. रस्ता खोदाईची परवानगी बऱ्याचदा वेगळ्या विभागाची असते आणि तिची अनामत वेगळी भरावी लागते. पावसाळ्यात खोदाई अनेक ठिकाणी बंद ठेवतात, म्हणून दोन्ही अर्ज एकदमच द्या.

मुख्य लाइनला भोक पाडण्याचे काम विभागाने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच करायचे असते. हातोड्याने फोडलेल्या भोकात घुसवलेला पाइप आत डोकावतो, त्याला कपडा-कचरा अडकतो आणि सगळ्या रस्त्याची लाइन तुंबते. जोड प्रवाहाच्या दिशेने तिरका हवा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. सोपे म्हणून टँकच्या बाहेर जाणाऱ्या पाइपलाच नवी लाइन जोडली जाते आणि टँक मध्येच राहतो. तो भरत राहतो, उपसावा लागतो आणि वर जोडणीचे शुल्कही सुरू होते. नवी लाइन टँकच्या आधीच्या चेंबरपासून निघाली पाहिजे. छताचे आणि अंगणाचे पावसाचे पाणीही या लाइनला जोडू नका. एका जोरदार सरीत लाइन भरते आणि मैला उलटा येतो. तपासणीत हे आढळले तर काम पूर्ण झाल्याचा दाखला अडतो.

पाइप टाकला की लगेच माती लोटू नका. खंदक उघडा असतानाच तपासनीस ढाळ पाहतो आणि पाइपात पाणी भरून गळती तपासतो. बुजवलेला खंदक पुन्हा उकरायला लावतात.

जुना टँक

तपासणी होऊन नवी लाइन चालू होईपर्यंत टँक वापरातच ठेवा. त्यानंतर तो सक्शन टँकरने पूर्ण उपसून घ्या आणि टँकरची पावती जपा, बंद केल्याचा पुरावा म्हणून ती मागतात. टँकमध्ये माणूस उतरवू नका, रिकामा दिसला तरीही नाही. हायड्रोजन सल्फाइड एकदोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. झाकण उघडून वारा लागू दिला म्हणजे धोका टळला, असे समजणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

उपसलेला टँक तसाच सोडला तर स्लॅब कुजून खचतो. भूजल वर असेल तर हलका प्लास्टिक टँक जमिनीतून उचलला जातो. म्हणून पाणी साचू नये यासाठी तळाला बाहेरूनच यंत्राने भोके पाडतात, वरचा स्लॅब काढतात आणि वाळू, खडी किंवा मुरूम २० ते ३० सेंमीच्या थरांनी दाबत भरतात. शोषखड्डाही असाच बुजवायचा. भरलेल्या जागेची मापे नकाशावर नोंदवून ठेवा, तिथे पुढे भिंतीचा पाया घेता येत नाही.

शेवटी पूर्णत्वाचा दाखला घ्या आणि त्याची प्रत कर विभागात स्वतः नेऊन द्या. मलनिःसारण शुल्काची आकारणी दाखल्याच्या तारखेपासून आहे की नाही, हे पुढच्या बिलावर तपासा. त्याआधीच्या काळाची रक्कम लावली असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दाखल्याच्या जोरावर करता येतो.