इंग्लिश ओपनिंगला अभ्यास लागत नाही?

"सी४ खेळ, घोडा सी३, प्यादं जी३, उंट जी२. समोरचा काहीही खेळो, तुझ्या चाली त्याच." बुद्धिबळात पांढऱ्यानं पहिली चाल सी४ (सी स्तंभातलं प्यादं चौथ्या ओळीत) केली की तिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात, आणि तिच्याबद्दल हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि नवख्या खेळाडूंचं त्यानं खरंच नुकसान होतं.

सी४ ला काळ्यानं सी६ नं उत्तर दिलं, तुम्ही सवयीनं जी३ केलंत आणि त्यानं डी५. आता डोळे झाकून उंट जी२ वर नेलात, की तो सी४ चं प्यादं खातो आणि बी५ खेळून ते राखायलाही बघतो. तुमच्या उंटाची तिरकी रेघ मोकळी होते, भरपाई मिळते. पण ती वसूल कशी करायची हे माहीत नसेल तर प्यादं गेलंच समजा.

काळ्यानं ई५ केलं तर गोष्टच वेगळी: रंग उलटलेलं सिसिलियन (म्हणजे ई४ ला काळ्यानं सी५ नं उत्तर देण्याची ओपनिंग), आणि तुमच्याकडे एक चाल जास्त. तिथे तो उंट शोभतो.

ही ओपनिंग मिळमिळीत, बरोबरीची, हेही खोटं. १९८७ साली सेव्हिलमध्ये जगज्जेतेपद राखायला कास्पारोव्हला कार्पोव्हविरुद्धचा शेवटचा, २४वा डाव जिंकणं भागच होतं. त्यानं पहिली चाल सी४ केली, घाई न करता दबाव वाढवत नेला आणि ६४ चालींत जिंकला.

१९७२ मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशरनंही स्पास्कीविरुद्ध सहाव्या डावात सी४ च खेळलं होतं. तो डाव मात्र चार-पाच चालींतच क्वीन्स गँबिटमध्ये (एरवी डी४ नं सुरू होणाऱ्या ओपनिंगमध्ये) शिरला. म्हणून सी४ शिकताना डी४ च्या रचनाही शिकाव्याच लागतात.