नामनिर्मिती, आशियाई धर्तीची (टेबलटॉप आरपीजी)

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधील (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या खेळातील) कल्पित पात्रांसाठी आशियाई भाषांच्या ध्वनिरचनेवर व नामपद्धतींवर बेतलेली नवी नावे रचण्याची प्रथा.

उगम : आरंभ बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्याचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ १९७४ मध्ये आला. त्याच्या ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ (१९८५) या पुरवणीकडे पुष्कळदा आरंभ म्हणून बोट दाखवले जाते. मात्र जपानी पार्श्वभूमीचा ‘बुशिदो’ १९७९ चा आहे, आणि त्याही आधी, १९७५ मध्ये, एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ प्रसिद्ध झाला होता. बार्कर उर्दूचे अभ्यासक. टेकुमेल या कल्पित जगासाठी त्यांनी त्सोल्यानी ही भाषा व्याकरण-लिपीसह रचली आणि नावे तिच्यातूनच काढली. तिच्यावर मध्य अमेरिकेतील माया भाषांचाही प्रभाव सांगितला जातो, त्यामुळे ती निव्वळ आशियाई धर्तीची ठरत नाही. तरीही, नाव उसने न घेता भाषेच्या नियमांतून घडवणे हेच या प्रथेचे मुख्य लक्षण धरले, तर आरंभ १९७५ पर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

ध्वनी : जपानीत ‘ल’ नाही, ‘ति’ व ‘तु’ यांच्या जागी ‘चि’ व ‘त्सु’ येतात, आणि शब्दान्ती ‘न्’खेरीज व्यंजन राहत नाही. म्हणून ‘हारुमोरी’ जपानी वळणाचे वाटते, ‘काझेल’ वाटत नाही. चिनीत गोंधळ होतो तो रोमन लिप्यंतरामुळे. वेड-जाइल्स पद्धतीत महाप्राण दाखवायला वर स्वल्पविराम देत. १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिनमध्ये तेच काम वेगळ्या अक्षरांनी होते. पिनयिनमधील ‘डी’ म्हणजे साधारण आपला ‘त’, आणि ‘टी’ म्हणजे ‘थ’. कल्पित नावांत निव्वळ शोभेसाठी पेरलेल्या स्वल्पविरामांना असा काही अर्थ नसतो. देवनागरीत त-थ हा भेद आयताच मिळतो. पिनयिनमधील ‘झेड’ व ‘जे’ यांतला फरकही मराठी कानाला ओळखीचा आहे : पहिला ‘चाक’मधल्या ‘च’जवळचा, दुसरा ‘चार’मधल्या. लिपीत मात्र दोन्हींना एकच अक्षर.

रचना : चिनी, कोरियन, जपानी नावांत कुलनाम आधी येते. ब्रह्मी लोकांत कुलनामच नसते. नावाचे आद्याक्षर परंपरेने जन्मवारावरून ठरते. तिबेटीत वारच नाव होतो, उदा. पासांग (शुक्रवार). वयाबरोबर नाव बदलण्याची जुनी जपानी रीत खेळाला विशेष सोयीची, कारण पात्राची बढती नावातूनच दाखवता येते; जपानचा शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएयासू याचे बालपणीचे नाव ताकेचियो होते.

दोष : जपानी कुलनामाला चिनी व्यक्तिनाम जोडणे हा नेहमीचा दोष. त्याहून सहज नजरेआड होणारा दोष म्हणजे चिनी धर्तीच्या घराण्यात नातवाला आजोबांचेच नाव देणे. पारंपरिक चीनमध्ये वडीलधाऱ्यांचे व्यक्तिनाम उच्चारणेही निषिद्ध होते.