स्मृती : साठवण आणि प्रत्यावाहन

अनुभवलेले किंवा शिकलेले टिकवून धरण्याची आणि गरज पडेल तेव्हा ते पुन्हा मनात आणण्याची क्षमता म्हणजे स्मृती. मानसशास्त्र तिचे तीन टप्पे मानते : संकेतन (अनुभव मनात नोंदवणे), धारण (तो टिकवणे) आणि प्रत्यावाहन (तो पुन्हा आठवणे). स्मृतीला कोठाराची उपमा देण्याची पद्धत फार जुनी आहे, पण ती दिशाभूल करते. कोठारात ठेवलेली वस्तू जशीच्या तशी हाती लागते; आठवण मात्र दर वेळी नव्याने जुळवावी लागते. स्मृतीची ताकद आणि तिच्या चुका, दोन्ही यातूनच येतात.

कोणी फोन नंबर सांगितला की तो लावून होईपर्यंत आपण मनात घोळवतो. मध्येच कोणी काही विचारले की नंबर गेलाच. ही अल्पकालीन स्मृती. तिची मर्यादा साधारण सात घटकांची असते, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. घटक कशाला म्हणायचे हे मात्र आपल्या ओळखीवर ठरते. १, ९, ४, ५, २, ०, २, ४ हे आठ सुटे अंक जड जातात. १९४५ आणि २०२४ अशी दोन वर्षे म्हणून वाचले की ओझे उतरते.

इथून काही मजकूर दीर्घकालीन स्मृतीत कसा जातो, याचा सर्वांत मोठा उलगडा हेन्री मोलेसन या एका माणसामुळे झाला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढून टाकला; हिपोकॅम्पस या मेंदूत खोलवर असलेल्या रचनेचा मोठा भाग त्यात गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होते. पण नवी घटना मनात टिकेना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिले : हात थेट न पाहता, फक्त आरशातले प्रतिबिंब बघून, ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला हात उलटसुलट जातो. तीन दिवसांत त्याच्या चुका घटत गेल्या, आणि तरीही हे काम आपण आधी कधी केल्याचे त्याला आठवत नव्हते. हात शिकला होता, माणसाला पत्ता नव्हता. यातून दोन गोष्टी कळल्या : कौशल्याची स्मृती आणि घटनांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि नवी घटना पक्की व्हायला हिपोकॅम्पस लागतो, पण जुन्या आठवणी सगळ्या तिथेच राहत नाहीत. मोलेसन २००८ मध्ये वारला. आयुष्यभर त्याने संशोधकांना दिलेल्या वेळेचे ऋण या शास्त्रावर आहे.

पेशींच्या पातळीवर आठवण म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्यांत झालेला बदल. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिपोकॅम्पसमध्ये दाखवले, की जोरकस उद्दीपनानंतर अशी जोडणी कित्येक तास अधिक जोमाने प्रतिसाद देत राहते. झोपेत हे पक्के होण्याचे काम पुढे सरकते.

विसरण्याचे पहिले मोजमाप हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह ते स्वतःच पाठ करत आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजत. तासाभरात ही बचत ४४ टक्क्यांवर आली, दिवसाने ३४ वर. महिन्यानंतरही २१ टक्के उरली होती. घसरण सुरुवातीला तीव्र असते, मग मंदावते.

पण न आठवणे म्हणजे पुसले जाणे नव्हे. नाव अगदी ओठांवर असते, पहिले अक्षरही सांगता येते, आणि तरी नाव येत नाही. एंडेल टुल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये गटवार शब्दांच्या याद्या लोकांना पाठ करायला दिल्या. ज्यांना नंतर गटांची नावे सांगितली, त्यांना कितीतरी जास्त शब्द आठवले. शब्द आत होतेच, अडली होती वाट. म्हणूनच काय आणायला आलो हे विसरून माणूस पुन्हा आधीच्या खोलीत जातो, आणि पुष्कळदा तिथे आठवते.

आठवण जागवणारी खूण चुकीची असेल तर आठवणही वाकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या धडकेची फीत दाखवून काहींना ‘धडकल्या तेव्हा’ वेग किती होता असे विचारले, तर काहींना त्याहून जहाल क्रियापद वापरून. आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांनी सांगितले, दुसऱ्यातल्या ५० पैकी १६ जणांनी. फितीत फुटलेली काच नव्हतीच. हे लोक खोटे बोलत नव्हते. साक्षीदाराला प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत असायला हवा.

आठवण्याच्या कृतीने स्मृती बदलते, तशी ती बळकटही होते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले.