रुक्मिणीचं माहेर आणि गोष्टीची वाटचाल

ज्येष्ठात, पेरणी तोंडावर आलेली असताना, अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरकडे निघते. संत सदाराम महाराजांनी १५९४ साली ही वारी सुरू केली, असं तिथली परंपरा सांगते. बाकीच्या पालख्या संतांच्या पादुका घेऊन जातात, ही मात्र माहेरची म्हणून जाते. वर्धेच्या काठचं हे गाव म्हणजे भीष्मक राजाचं कुंडिनपूर आणि रुक्मिणी इथलीच लेक, ही आपल्याकडची समजूत. दमयंतीच्या बापाची राजधानीही महाभारतात कुंडिनपूरच आहे, म्हणजे एकाच गावाला दोन नावाजलेल्या लेकी. आसाम-अरुणाचलाकडची मंडळीही भीष्मकावर हक्क सांगतात, पण तो वाद वऱ्हाडात कोणी मनावर घेत नाही.

आज कीर्तनात ऐकतो ती गोष्ट सुरुवातीपासून तशी नव्हती. हरिवंश आणि विष्णुपुराणात रुक्मिणीहरण आहे, तिच्या हातचं पत्र मात्र नाही. भाऊ रुक्मी कृष्णाला नकार देतो, शिशुपालाशी लग्न ठरतं आणि कृष्ण येऊन तिला उचलून नेतो. पत्र आलं भागवतात. दशम स्कंधाच्या बावन्नाव्या अध्यायात ती एका ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडते, सात श्लोकांचा. पुढे मराठी कथेकऱ्यांनी त्या ब्राह्मणाला सुदेव हे नाव दिलं. निरोपाची भाषा लाजरी अजिबात नाही. उद्याच लग्न आहे, सैन्य घेऊन ये, राक्षसविधीने, म्हणजे बळाने हरण करून, मला ने, असं ती स्पष्ट कळवते. घरच्यांना न मारता मला कसं नेशील, असं विचारशील म्हणून वाटही तीच दाखवते : लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते, तिथे ये.

हे ठिकाण वऱ्हाडातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. लग्नघरातून हळदीची ताटली, नारळ नि वाजंत्री घेऊन बायका गावाबाहेरच्या मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यावर निघतात, ते तिने पाहिलेलं असतं. कौंडण्यपुरात अंबिकेचं देऊळ दाखवून ‘हरण इथूनच झालं’ म्हणतात, अमरावतीत अंबादेवीच्या देवळातही हेच ऐकायला मिळतं.

मराठीत ही गोष्ट पहिल्यांदा आली तीही याच मुलखात, आणि एका बाईच्या तोंडून. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरी महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या मनात लग्न करायचं आलं. भक्तांनी हौसेने तयारी केली आणि महदाइसेने धवळे म्हटले, म्हणजे वराला उद्देशून म्हणायची लग्नाची गाणी. विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा. महदाइसा बालविधवा होती. एरवीच्या लग्नघरात मंगल गाण्यासाठी तिला कोणी पुढे बोलावलं असतं का, याची मला शंकाच आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते या धवळ्यांमुळे.

तिच्यामागून, १२९२च्या सुमारास, नरेंद्र कवीचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ आलं. महानुभावांच्या आठवणींत त्याची एक कथा आहे. रामदेवराव यादवाला हे काव्य इतकं आवडलं की ते आपल्या नावावर करून दे, म्हणून तो सोनं द्यायला तयार झाला. कविकुळाला बोल लागेल, असं सांगून नरेंद्राने नकार दिला, महानुभावांचे आचार्य नागदेवाचार्य यांना शरण गेला आणि आठवतील तेवढ्या ओव्या पुन्हा उतरवून काढल्या.

मग पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत याच नावाची पोथी पूर्ण केली, अठरा प्रसंगांची. गावोगाव पोचली ती हीच. मुलीचं लग्न जुळत नसलं की तिच्याकडून या पोथीचं पारायण करून घेण्याची चाल तेव्हापासून पडली आणि अजून मोडलेली नाही. गंमत अशी, की भावाने ठरवलेलं स्थळ नाकारणाऱ्या मुलीची ही पोथी पोरीपुढे ठेवून बाप नि भाऊ तिच्यासाठी स्थळं बघत फिरतात.

प्रत्यक्ष गावाबद्दल बोलायचं, तर १९६०च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी कौंडण्यपुरात उत्खनन केलं. सातवाहनकाळच्या आणि त्याआधीच्याही वस्तीच्या खुणा मिळाल्या. गाव जुनं, यात वाद उरला नाही. भीष्मकाचा वाडा वगैरे अर्थातच सापडला नाही.

भावाचा धागा मात्र अनपेक्षित ठिकाणी निघतो. पुराण सांगतं की कृष्णाने हरवून, केस-मिशा भादरून सोडलेला रुक्मी, कृष्णाला मारल्याशिवाय परतणार नाही या शपथेपायी, कुंडिनपुरात परत गेला नाही, त्याने भोजकट नावाचं वेगळं नगर वसवलं. पुढे तिथेच, नातीच्या लग्नात द्यूत खेळताना, तो बलरामाच्या हातून मेला. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजे ते भोजकट, असं लोक मानतात. अचलपूरजवळ चम्मकला विदर्भातल्या वाकाटक घराण्याचा राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट मिळाला. हजार ब्राह्मणांना चर्मांक हे गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे आणि ते गाव कोणत्या मुलखातलं, हे सांगताना लिहिलंय, ‘भोजकट राज्य’.