ढगातली वस्तू, कंसातलं वर्णन

अॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण सेवेला ‘या बकेटमध्ये काय काय आहे?’ असं एखाद्या प्रोग्रामने विचारलं (बकेट म्हणजे फाइली ठेवायचा तिथला कप्पा), की येणाऱ्या उत्तराच्या अगदी सुरुवातीला एक तारीख असते: १ मार्च २००६. ही तारीख कुठल्या फाइलची नाही. उत्तर ज्या बोलीत लिहिलंय, त्या बोलीची आहे. सेवा लोकांसाठी खुली झाली १४ मार्च २००६ रोजी. त्यानंतर किती सर्व्हर आले नि गेले, तरी आजही उत्तराच्या कपाळावर तीच तारीख आहे.

ती बोली बेतली आहे एक्सएमएल या माहिती लिहिण्याच्या भाषेवर. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसजीएमएल या जडजंबाल भाषेतून एक्सएमएल सुटसुटीत करून काढली गेली आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला अधिकृत मान्यता दिली. नियम थोडकेच आहेत. माहितीच्या आधी कोनी कंसात तिचं नाव, म्हणजे टॅग, लिहायचं, माहिती संपली की तेच नाव तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहायचं, की झाला एक डबा; आणि एका डब्यात दुसरा डबा पूर्ण बसवायचा.

एस-थ्रीमध्ये ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला ऑब्जेक्ट म्हणतात. फोटो असो, पगारपत्रक असो की सिनेमा, सेवेच्या लेखी ती बाइट्सची एक ओळ, तिचं नाव आणि तिच्याविषयीची थोडी माहिती एवढंच असतं. नावाला इथे ‘की’ म्हणतात. फोटो मागितला तर तो जसाच्या तसा येतो, एक्सएमएलमध्ये गुंडाळून नाही. एक्सएमएलमध्ये येतं ते त्याचं वर्णन. समजा, गणेश चतुर्थीला काढलेला एक फोटो आहे. यादीत तो साधारण असा दिसेल (खरी टॅग-नावं रोमन लिपीत असतात, इथे ती देवनागरीत उतरवली आहेत):

<कंटेंट्स>
<की>गणपती/२०२४/आरती.जेपीजी</की>
<लास्टमॉडिफाइड>२०२४-०९-०७टी०६:४०:१२.०००झेड</लास्टमॉडिफाइड>
<साइज>३१४५७२८</साइज>
<स्टोरेजक्लास>स्टँडर्ड</स्टोरेजक्लास>
</कंटेंट्स>

ही वर्णनाची पाटी सावकाश वाचण्यासारखी आहे. वेळेच्या शेवटचा ‘झेड’ सांगतो, की हे जागतिक प्रमाणवेळेचं घड्याळ आहे. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे भारतात दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. साइजमधला आकडा आपल्याला आकडा वाटतो, पण एक्सएमएलसाठी ती सात अक्षरं आहेत. त्यांना संख्या मानून ‘म्हणजे ३ मेगाबाइट’ असा हिशेब करणं वाचणाऱ्या प्रोग्रामचं काम. यादीत ‘ईटॅग’ नावाचा आणखी एक रकाना असतो. फाइलमधला मजकूर बदलला की हा ठसा बदलतो. त्यामुळे आपल्याकडची प्रत आणि तिथली प्रत एकच आहे का, हे बऱ्याचदा फाइल पुन्हा न उतरवता पडताळता येतं.

आता ‘गणपती/२०२४/’ या भागाकडे पाहा. आपल्याला वाटतं, गणपती नावाचा फोल्डर, त्यात २०२४ चा फोल्डर आणि त्यात फोटो. नेहमीच्या बकेटमध्ये असं काहीच नसतं. तिथे फोल्डर ही चीजच नाही. तिरक्या रेघांसकट ते सगळं मिळून एकच लांबलचक नाव आहे. मग वेबपानावर फोल्डरची चित्रं दिसतात ती कशी? विचारताना प्रोग्राम सांगतो, ‘तिरकी रेघ हा दुभाजक समज.’ त्यावर सेवा सारख्या सुरुवातीची नावं एकत्र करते आणि उत्तरात ‘कॉमनप्रिफिक्सेस’ नावाच्या टॅगमध्ये ती सुरुवात एकदाच लिहून देते. फोल्डर जन्माला येतो तो या उत्तरात, आणि उत्तर वाचून होईपर्यंतच जगतो. म्हणूनच इथे ‘फोल्डरचं नाव बदला’ अशी साधी आज्ञा नाही. आतल्या एकेका ऑब्जेक्टची नव्या नावाने प्रत काढून जुनी पुसावी लागते. फोल्डरचं हे उत्तरापुरतं जगणं मला या सगळ्या रचनेतली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

मराठी नावांना इथे मज्जाव नाही. पण नावाला १,०२४ बाइट्सची मर्यादा आहे, आणि रोमन अक्षराला एक बाइट लागतो तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा, अशी चार चिन्हं, बारा बाइट. शिवाय यादी लागते ती या बाइट्सच्या क्रमाने, आपल्या शब्दकोशाच्या क्रमाने नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर. त्यामुळे शब्दकोशात ‘कावळा’ आधी आणि ‘काळ’ नंतर, पण बकेटच्या यादीत ‘काळ’ आधी. ‘क्ष’ तर ‘क’च्याच घरात सापडतो, ‘ख’च्या आधी. मराठी दप्तर ठेवणाऱ्याने यादी हाती आल्यावर ती स्वतः पुन्हा लावून घ्यावी.

एका उत्तरात जास्तीत जास्त हजार नावं येतात. पुढची हवी असतील तर सोबतची खूण दाखवून पुन्हा विचारायचं.

एक्सएमएलची एक खोड मात्र मला अनुभवाने कळली. यादीत शंभर फोटो असले, तर ‘कंटेंट्स’ हा डबा शंभर वेळा एकापाठोपाठ एक येतो. ‘ही यादी आहे’ असं सांगणारं वेगळं वेष्टण त्याभोवती नसतं. मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम पाच-सहा फोटोंवर नीट चालत होता. एका बकेटमध्ये एकच फोटो आला आणि प्रोग्राम कोसळला. एकच डबा पाहून एक्सएमएल वाचणाऱ्या साधनाने त्याला यादी मानलंच नाही, थेट वस्तू समजून हातात दिला. जेसॉन या माहिती लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत यादीला चौकोनी कंस असतात; एकच वस्तू असली तरी कंस राहतो आणि शंका उरत नाही. इथे ‘हा डबा पुन्हा येऊ शकतो’ हे साधनाला आधीच बजावून ठेवावं लागतं.

पण एक्सएमएलच्याच एका नियमाचा फार हुशारीने केलेला वापरही इथे आहे. मोठी फाइल तुकड्यांत चढवता येते, दहा हजार तुकड्यांपर्यंत. शेवटी आपला प्रोग्रामच एक्सएमएल लिहून पाठवतो: एक नंबरच्या तुकड्याचा ठसा हा, दोन नंबरचा हा, आता जोडा. जोडायला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ लाइन मुकी राहिली तर संपर्क तुटायचा. म्हणून सेवा आधी ‘२००’, म्हणजे ‘ठीक आहे’ असं कळवते आणि मग मधूनमधून नुसत्या मोकळ्या जागा पाठवत राहते. मुख्य डबा उघडण्याआधीच्या मोकळ्या जागांना एक्सएमएल काही अर्थ देत नाही, त्यामुळे उत्तर बिघडत नाही. काम संपलं की खरा डबा येतो. तो ‘एरर’चाही असू शकतो! म्हणजे ‘ठीक आहे’ ऐकून निघून गेलेल्या प्रोग्रामची फाइल जोडलीच गेलेली नसेल. शेवटचा कंस मिटेपर्यंत वाचायचं, हा नियम इथे मोडून चालत नाही.

नंतरच्या बऱ्याच क्लाउड सेवांनी जेसॉन स्वीकारलं. एस-थ्री एक्सएमएलवरच राहिली, कारण असंख्य प्रोग्राम या टॅगांवर विसंबून आहेत. एवढंच नाही, इतरांनी उभारलेली साठवण-सॉफ्टवेअरंही हीच बोली बोलतात. सेफ (Ceph) किंवा मिनआयओ (MinIO) यांपैकी एखादं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवा, अॅमेझॉनशी काडीचा संबंध ठेवू नका आणि बकेटची यादी मागा. उत्तराच्या पहिल्याच टॅगमध्ये तीच तारीख येते: १ मार्च २००६.