ओम्नी मागून घरघरते: बेअरिंग गेलं की डिफरन्शियल?

मारुती ओम्नीच्या मागून ‘घोंऽऽ’ सुरू झालं की गॅरेजमध्ये ठरलेला निकाल लागतो: ‘हाउसिंग गेलं, दुसरं टाकू.’ मग भंगारातून जुनं हाउसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलची लोखंडी नळी डिफरन्शियलसकट, येतं. त्यातलं क्राउन-पिनियन (डिफरन्शियलची मोठी आणि लहान दातेरी चाकं) कुणाच्या तरी गाडीत लाखभर किलोमीटर झिजलेलं असतं. पैसे जातात, आणि घरघर जाऊन तिच्या जागी कूं-कूं येते. अशा किती गाड्यांत मूळ दुखणं फक्त चाकाजवळच्या बेअरिंगचं असतं, ते भंगारवाल्यालाच ठाऊक. उलटही घडतं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं नवी घातली, आवाज तसाच, आणि दोष बिचाऱ्या बेअरिंगच्या कंपनीला.

गाडी तुमच्या ओळखीची आहे, तेव्हा थोडक्यात उरकतो. १९८४ ला आलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ही व्हॅन. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागे, आणि मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) बसवलेलं अखंड हाउसिंग. हाउसिंगच्या पोटात डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गियरसंच, त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत एकेक ॲक्सल शाफ्ट, आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ब्रेकच्या ड्रममागे ते बेअरिंग.

टायरचा आवाज आधी बाजूला काढा, त्यात फार डोकं घालायला नको. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर तो टायर. क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट, गेला असेल तर क्लच सोडताना ‘खट’ होतं आणि वेगात पायाखाली थरथर येते. सलग घरघर हे त्याचं लक्षण नाही. उरले दोघे, आणि खरी गल्लत तिथेच होते.

गल्लत होण्याचं कारण असं की दोन्ही आवाज वेगाबरोबर वाढतात. ‘स्पीड वाढली की आवाज वाढतो’ हे वाक्य घेऊन मेकॅनिककडे जाण्यात अर्थ नाही. चाकाबरोबर फिरणारी कुठलीही वस्तू तेच करील. विचारायचं ते वेगळंच: वेग तोच ठेवून रेस (ॲक्सिलरेटर) सोडली की आवाजाचं काय होतं?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी ५०-६० वर न्या. रेस दाबून ठेवा, ऐका. मग पाय उचला, गियर तसाच राहू द्या, पुन्हा ऐका. मग जेमतेम वेग टिकेल एवढीच रेस द्या. डिफरन्शियलचा आवाज या तीन अवस्थांत तीन तऱ्हेचा असतो. रेस दिल्यावर पिनियन क्राउनला ढकलतं, तेव्हा दातांची एक बाजू भार घेते. रेस सोडली की चाकं इंजिनाला ओढू लागतात आणि भार दातांच्या दुसऱ्या बाजूवर जातो. मधल्या अवस्थेत दात सैल तरंगतात. म्हणून क्राउन-पिनियन रेसवर रडतं आणि सोडल्यावर गप्प होतं, किंवा याच्या बरोबर उलट. चाकाजवळच्या बेअरिंगला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या डोक्यावर गाडीचं वजन आहे, ते रेस दाबा की सोडा, तेवढंच राहतं. वेग तोच असेल तर त्याची घरघरही तीच. न्यूट्रलमध्ये टाकलं तरी तीच. (न्यूट्रलचा प्रयोग सपाटीवरच करा. खंबाटकी उतरताना नको, आणि चावी तर कधीच बंद करायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.)

सुराचाही उपयोग होतो, पण जपून. ओम्नीचं १२ इंची चाक ६० च्या वेगाला मिनिटाला सहाशेच्या आसपास फिरतं. पिनियन त्याच्या चार-पाच पट, म्हणजे अडीच-तीन हजार फेऱ्या. त्यामुळे पिनियनचा सूर बारीक, कण्हल्यासारखा, आणि चाकाच्या बेअरिंगचा जाड, जात्यासारखा. इथवर ठीक. पण क्राउनच्या दोन्ही अंगांना जी बेअरिंगं असतात ती चाकाच्याच वेगाने फिरतात, त्यांचा सूरही जाड असतो. ‘जाड आवाज म्हणजे चाकाचं बेअरिंग’ म्हणणारे नेमके इथे फसतात. ही मधली बेअरिंगं दातांच्या रेट्याखाली असतात, म्हणून रेसला दाद देतात. सूर आणि रेस यांचं जमत नसेल, तर मी रेसचं ऐकतो.

दुसरी चाचणी वजनाची. स्कूल व्हॅनवाल्यांना ती आपोआप घडते: मुलं भरलेली असताना सपाट रस्त्यावर घरघर, आणि मुलं सोडून रिकामी परतताना निम्मी गायब. हे बेअरिंगचं लक्षण. रिकामी गाडीसुद्धा चढाला लागली की ओरडते, हे डिफरन्शियलचं.

तिसरी, गाडी झुलवायची. ४० च्या वेगात, रस्ता रुंद आणि रिकामा असताना, डावी-उजवी हलकी वळणं घ्या. हलकीच, ओम्नी उंच आणि अरुंद आहे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. हे उलटं समजून चांगल्या बाजूचं बेअरिंग फोडणारे महाभाग आहेत. मधल्या सीटवर बसून ‘आवाज डावीकडून येतोय’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. हाउसिंग एकसंध लोखंडी नळी आहे, आवाज एका टोकाला जन्मतो आणि दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. वरचा पत्र्याचा डबा त्याला आणखी फुगवतो.

बाजू ठरवायची ती जॅकवर. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून हाउसिंगखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता एका हाताने चाक सावकाश फिरवा आणि दुसरा हात त्याच बाजूच्या पाट्यावर, हाउसिंगजवळ ठेवा. खराब बेअरिंगची किरकिर पाट्यातून तळहाताला कळते, वाळू भरडल्यासारखी. कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. एक चाक फिरवलं की डिफरन्शियलमुळे दुसरं उलटं फिरतं, म्हणून हात त्या बाजूच्याही पाट्यावर ठेवून बघा. मग चाक वर-खाली धरून हलवा. लक्षात येण्याजोगं हललं तर पुढे चर्चा नको. पण हललं नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असंही नाही. गोळ्यांच्या वाटेला खड्डे पडलेलं बेअरिंग घट्ट असूनही घरघरतं.

एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर आणि इंजिन चालू करून गियर टाकणं, हा प्रकार अजून दिसतो. तो बंद करा. जमिनीवरच्या चाकाने जोर धरला की गाडी जॅकवरून उडी मारते.

आता ऑइलचं. ‘हाउसिंगचं ऑइल बदला, आवाज जाईल’ हा सल्ला बेअरिंगच्या बाबतीत निरर्थक आहे. ओम्नीचं ऑइल सील बेअरिंगच्या आत, हाउसिंगच्या तोंडात बसतं. बेअरिंग त्याच्या बाहेर, स्वतःच्या ग्रीसवर जगणारं. हाउसिंगचं ९० नंबरचं ऑइल तिथे पोचतच नाही. पोचलं तर सील गेलं असं समजायचं, आणि ते ऑइल बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं. विकायच्या आधी १४० नंबरचं घट्ट ऑइल भरून डिफरन्शियलचं कण्हणं काही दिवस दाबता येतं. जुनी गाडी घेताना हे ध्यानात ठेवा. बेअरिंगची घरघर मात्र त्याने दबत नाही.

ड्रम काढल्यावर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) ओले दिसले तर वास घ्या. गियर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. ब्रेक ऑइल पातळ, ते व्हील सिलिंडरमधून येतं. बाकी लायनर कशानेही भिजले असोत, टाकून द्या. पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवण्याची काटकसर ब्रेकमध्ये करू नये.

बेअरिंगचं काम घरच्या हत्यारांत अर्धंच होतं. हाउसिंगचं ऑइल काढा, ड्रम, लायनर, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप सोडा, बॅक प्लेटचे (ड्रममागच्या, लायनर धरणाऱ्या तबकडीचे) नट आतल्या बाजूने खोला, आणि ठोक्याच्या पुलरने शाफ्ट बॅक प्लेटसकट बाहेर ओढा. इथून पुढे प्रेसवाला. बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवते ती कॉलर, म्हणजे दाबून बसवलेली कडी, आणि ती काढण्यावरून मी मेकॅनिक पारखतो. गॅस कटर हातात घेतला की शाफ्ट परत मागा. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. ग्राइंडरने कॉलरला दोन ठिकाणी पातळ करायचं, शाफ्टला पातं लागू न देता, आणि छिन्नीचा घाव. ती फुटते.

बसवताना बॅक प्लेट आधी शाफ्टवर चढवायची. ती विसरून बेअरिंग प्रेस केलं तर नवं बेअरिंग आणि नवी कॉलर दोन्ही फोडावी लागतात. दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यावर हवा. बाहेरच्या कड्यावर दाबलेलं बेअरिंग बसतानाच मरतं. बेअरिंग पूर्ण टेकल्यावरच कॉलर, दोन्ही एका दमात नकोत. कॉलर आणि सील नवीनच, सीलच्या ओठाला बोटभर ग्रीस.

शाफ्टची बैठक झिजून बेअरिंग हाताने सरकत असेल, तर काही जण तिथे पंचने ठिपके मारून ‘टाइट’ करून देतात. हा शुद्ध आचरटपणा आहे. ठिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत चपटी होतात. अशा वेळी शाफ्टच बदलायचा. कॉलर सुटली तर शाफ्ट चाकासकट बाहेर येऊ शकतो, मागे मुलं बसलेली असताना.

‘जोडीनं बदला’ या आग्रहाला मात्र मी जुमानत नाही. दुसऱ्या बाजूचा पाटा हाताला गुळगुळीत लागला, तर तिकडचं चांगलं बेअरिंग फोडायचं कशाला? दुसऱ्या बाजूचा फक्त ड्रम काढून सील बघतो.

शाफ्ट परत घातल्यावर ऑइल लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरा आणि ब्रेकची हवा काढा. हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं भोक) चिखलाने बुजला असेल तर तो साफ करा. पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीत तो हमखास बुजतो, आत दाब साठतो आणि नवं सीलही ऑइल सोडू लागतं. मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून, ब्रेक कमीत कमी मारून, दोन्ही मागचे ड्रम हाताने चाचपा. काम केलेली बाजू दुसरीपेक्षा चटका देण्याइतकी तापली असेल तर आधी लायनर घासतायत का ते बघा. ते मोकळे असतील तर बेअरिंग बसवताना गडबड झाली आहे, आणि शाफ्ट परत त्याच प्रेसवाल्याकडे न्यायचा.