लेकराचे पोट भरले, हे कोणी ठरवायचे?

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ताईंच्या कानावर हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘लेकरू काहीच खात नाही’. लातूर असो, हिंगोली असो की बीड जिल्ह्यातला एखादा तांडा, ही तक्रार करणारी माय किंवा आजी खरोखरच काळजीत असते आणि तिची काळजी निराधार नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली होती. अशा परिस्थितीत ‘मुलाला त्याच्या भुकेप्रमाणे खाऊ द्या’ हा सल्ला भरल्या पोटाच्या माणसांचा शौक वाटू शकतो. प्रत्यक्षात जिथे मूल अशक्त आहे, तिथेच या सल्ल्यामागचे विज्ञान अधिक नीट समजून घ्यावे लागते, कारण काळजीपोटी केलेली बळजबरी बहुतेक वेळा मुलाच्या पोटात दोन घास जास्त घालण्याऐवजी कमीच घालते.

मुळात दोन ते पाच वर्षांच्या मुलाची भूक कमी झाल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होते. त्यानंतर वाढीचा वेग झपाट्याने मंदावतो आणि दोन वर्षांनंतर निरोगी मूलही वर्षाला साधारण दोनच किलो वाढते. वाढ मंदावली की त्या मापाने भूकही मंदावते. घरच्यांना मात्र वर्षभरापूर्वी वाटी चाटूनपुसून खाणारे मूल आठवत असते. ताट अर्धवट सोडून अंगणात पळणाऱ्या मुलामागे मग ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ सुरू होते, तेही पुरेनासे झाले की धाक येतो आणि अखेरीस मोबाइल येतो.

भूक आणि तृप्ती यांचा हिशेब शरीर स्वतः ठेवत असते. जठर रिकामे असताना त्याच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला अन्नाची गरज कळवते. जेवण सुरू झाले की जठराची भिंत ताणली जाते आणि त्या ताणाची वार्ता व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते. अन्नातील स्निग्धांश व प्रथिने लहान आतड्यात पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके बाहेर पडतात आणि ‘आता पुरे’ ही भावना तयार होते. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. घाईने, लक्ष दुसरीकडे ठेवून किंवा एकामागून एक घास तोंडात कोंबून जेवण उरकले, तर संदेश येईपर्यंत ताट संपलेले असते किंवा आलेला संदेश मुलाच्या ध्यानातच येत नाही.

लहान मुलांमध्ये ही यंत्रणा किती चोख चालते, हे अमेरिकेतील संशोधक लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी दिवसभरात खाल्लेला प्रत्येक पदार्थ त्यांनी मोजला. एकेका जेवणातील उष्मांकांमध्ये सरासरी सुमारे ३४ टक्के चढउतार दिसला, पण चोवीस तासांच्या एकूण उष्मांकांमधला चढउतार केवळ १० टक्क्यांच्या आसपास होता. सकाळी दोन घासांवर उठलेले मूल संध्याकाळी ती कसर भरून काढत होते आणि दुपारी भरपूर जेवलेले मूल रात्री आपोआप हात आखडता घेत होते. त्यामुळे लेकरू खाते की नाही, हे एका जेवणावरून ठरवू नये. निदान पूर्ण दिवस आणि शक्यतो दोन-तीन दिवसांचे खाणे मिळून पाहावे.

ही उपजत समज टिकून राहते असे मात्र नाही. बर्च यांचाच सहभाग असलेल्या २००० सालच्या एका अभ्यासात साडेतीन आणि पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ कमी-जास्त प्रमाणात वाढला गेला. लहान मुलांनी ताटात कितीही असले तरी जवळपास तेवढेच खाल्ले. पाच वर्षांच्या मुलांनी जास्त वाढले तेव्हा जास्त खाल्ले. दीड वर्षाच्या त्या अंतरात मूल पोटाऐवजी ताटाकडे पाहू लागलेले असते. त्याआधी १९८७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली होती. मुलांच्या एका गटाला पोटात काय जाणवते यावर बोलते केले गेले, तर दुसऱ्या गटाचे लक्ष घड्याळ, ताट संपवणे आणि त्याबद्दलचे बक्षीस यांकडे वळवले गेले. पहिल्या गटातील मुले आधी खाल्लेल्या पदार्थात उष्मांक जास्त असतील तर पुढे कमी खात. दुसऱ्या गटात हा समतोल दिसला नाही.

आपल्याकडे ताटात टाकणे पाप मानले जाते. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात ही भावना किती खोल आहे हे वेगळे सांगायला नको, आणि तिचा अनादर करण्याचे कारणही नाही. उपाय वाढण्याच्या पद्धतीत आहे. चतकोर भाकरी, पळीभर वरण इतकेच आधी वाढावे आणि मागेल तसे पुन्हा द्यावे. असे केले की अन्नही वाया जात नाही आणि मोठ्यांनी वाढलेला ढीग संपवण्याची जबाबदारी मुलाच्या पोटावर येत नाही.

दडपणाचा परिणाम तर थेट मोजला गेला आहे. एमी गॅलोवे व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतील मुलांना सूप देताना काही वेळा ‘संपव पाहू’ असा आग्रह केला गेला आणि काही वेळा केला गेला नाही. आग्रह नसताना मुलांनी जास्त सूप प्यायले आणि त्याबद्दल नाके मुरडणेही कमी झाले. बक्षिसाचेही तसेच आहे. भाजी खाल्ली तर चॉकलेट मिळेल असे म्हटले की त्या दिवशी भाजी जाते खरी, पण ती शिक्षा असून चॉकलेट ही सुटका आहे हा धडा मुलाच्या मनात पक्का बसतो. उलट बाजूने, एखादा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून तो खाण्यास मनाई केली तर मुलांचे लक्ष त्यावरच खिळून राहते, हेही प्रयोगांत दिसले आहे. पुडा घरात आणून फळीवर ठेवायचा आणि दिवसभर ‘नाही’ म्हणत राहायचे, यापेक्षा तो न आणणे सर्वांनाच सोपे जाते.

मोबाइलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पडद्यावर नजर असलेले मूल तोंड उघडते आणि गिळते. चव, वास व पोटातील ताण यांची नोंद घ्यायला त्याचे मन मोकळे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली असून त्याहून कमी असेल तर उत्तमच, असेही म्हटले आहे. तीन जेवणे मोबाइलसमोर झाली की ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

मग मोठ्यांनी करायचे काय? एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी याची विभागणी नेमकी केली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. या विभागणीत मोठ्यांचा वाटा मुळीच हलका नाही. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी १९२० व ३० च्या दशकांत १५ तान्ह्या मुलांना ३४ पदार्थांमधून आपल्या मनाने निवड करू दिली. मुलांनी चित्रविचित्र जोड्या जमवून खाल्ले, तरी ती निरोगी वाढली. डेव्हिस यांनी स्वतःच यातली मेख सांगितली होती: त्या ३४ पदार्थांत साखर घातलेले किंवा डबाबंद असे काहीच नव्हते. मुलाच्या निवडीवर विश्वास ठेवायचा तर निवडीसाठी समोर ठेवलेले पदार्थ विश्वासाचे हवेत. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे आणि अकरा वाजता दुकानातला पाच रुपयांचा पुडा मिळालेल्या मुलाला दुपारी वरण-भाकरीची भूक नसेल, तर त्याची यंत्रणा बिघडलेली नाही. ती बरोबर चालली आहे. चहाने अन्नातील लोहाचे शोषणही घटते, हा वेगळा तोटा.

साधारणपणे तीन जेवणे आणि मधली दोन खाणी अशी वेळ बांधलेली असावी, आणि मधल्या काळात पाण्याखेरीज काही नसावे. लहान पोटात मावते थोडे, म्हणून जे जाईल ते कसदार हवे: पातळ पाण्याऐवजी घट्ट वरण, भाकरीच्या काल्यात तुपाची धार, भाजीत शेंगदाण्याचा कूट, हाताला धरून खाता येतील अशी छोटी धपाटी. मराठवाड्याचे कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण, तिखट असते. मूल जिभेची आग विझवायला पाणी पीत राहते आणि पोट पाण्यानेच भरते. तिखट घालण्यापूर्वी त्याचा वाटा बाजूला काढला की ‘खात नाही’ ही तक्रार कित्येक घरांत निम्मी होईल, असे माझे मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-परभणीकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा मोठ्यांचीही अन्नावरची वासना उडते. त्या दिवसांत दुपारच्या जेवणाचा हट्ट न धरता सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर नीट जेवू घालावे.

मुलाला स्वतःचे ताट असावे. मायच्या ताटात जेवणाऱ्या मुलाने किती खाल्ले हे मायलाही कळत नाही. खाली मांडी घालून, घरातल्या कुणाबरोबर तरी बसून, आपल्या हाताने खाताना सांडलवंड होणारच, ती सोसावी. ‘संपव’ म्हणण्याऐवजी ‘पोटात अजून जागा आहे का’ असे विचारावे आणि ‘नाही’ हे उत्तर मान्य करावे. सुसान जॉन्सन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतील मुलांना बाहुल्यांच्या खेळातून रिकामे पोट, भरलेले पोट आणि तुडुंब पोट यांतला फरक सहा आठवडे शिकवला गेला, तेव्हा गरजेपेक्षा जास्त खाणारी आणि कमी खाणारी अशी दोन्ही प्रकारची मुले आपल्या भुकेच्या जवळ आली. आपल्या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार ठरलेला आहे. खिचडी वाढण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत पोटावर हात ठेवून ‘आत काय वाटते’ असे विचारायला कोणताही खर्च येत नाही.

नवा पदार्थ नाकारणे हेही या वयाचे लक्षण आहे. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी अन्नाची धास्ती सर्वाधिक असते आणि कडू चवीबद्दलची नावड तर जन्मजात असते, तेव्हा मेथी पहिल्या दिवशी थुंकली गेली यात नवल नाही. एकच पदार्थ आठ ते पंधरा वेळा, थोडाथोडा आणि आग्रहाविना समोर आला तर बहुतेक मुले तो स्वीकारू लागतात. पण पुष्कळ घरी तीन-चार प्रयत्नांतच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो. मधल्या काळात पदार्थाशी ओळख इतर वाटांनी होऊ शकते. मेथी निवडायला बसवावे, जालन्याच्या मोसंबीची साल सोलताना उडणारा वास घेऊ द्यावा, भाकरी थापल्याचा आवाज डोळे मिटून ओळखायला सांगावे. हुरड्याच्या दिवसांत शेतात गेलेल्या मुलाला याचे धडे द्यावे लागत नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात. बिया काढूनच सीताफळ द्यावे, दाण्यांचा कूट करावा आणि पळत, हसत किंवा आडवे होऊन खाण्यास ठाम मनाई करावी.

भुकेवर विसंबता येत नाही अशी परिस्थितीही असते, आणि आपल्या भागात ती विसरून चालणार नाही. लोह व जस्त यांची कमतरता, जंत आणि वारंवारची जुलाब-तापाची दुखणी यांनी भूक खरोखरच मरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे, ते याच उणिवेवरचे उत्तर म्हणून. जंतनाशक गोळी अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी मिळते. तो दिवस चुकवू नये. तीव्र कुपोषित मुलाची भूक तर इतकी मंदावते की त्याच्यावर घरी उपचार करता येतील का, हे ठरवण्यासाठी आधी त्याच्या भुकेचीच चाचणी घेतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, वजन सलग दोन-तीन महिने वाढले नाही किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर ‘त्याच्या मनाप्रमाणे खाईल’ असे म्हणत थांबू नये. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना दाखवून पोषण पुनर्वसन केंद्राची वाट धरावी. साध्या आजारातून उठलेल्या मुलाला पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे, कारण झालेली झीज भरून काढणारी भूक त्या दिवसांत परत येते आणि त्या वेळी घरात शिजलेले काहीतरी तयार असावे लागते.